तयार मॉड्यूल की वर्गातल्या वह्या?

महाराष्ट्रात 2000 पासून पहिलीला इंग्रजी आली, तेव्हापासून शिक्षकांची प्रशिक्षणं सुरूच आहेत. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात तर प्रत्येक शिक्षकाला वर्षाला किमान 50 तास सांगितलेत. प्रश्न आहे तो प्रशिक्षणात वापरायच्या साहित्याचा.

वरून आलेलं छापील मॉड्यूल, म्हणजे प्रशिक्षणाची तयार पुस्तिका, वेळ वाचवतं. क्रम नीट असतो, ध्वनिफिती बऱ्या असतात, नवख्या सुलभकाला (प्रशिक्षण देणाऱ्याला) आधार मिळतो. पण त्यातला संवाद मेट्रो स्टेशनवरचा, आणि समोर बसलेल्या गुहागर-दापोलीच्या बाईंच्या वर्गातली मुलं होडी, जाळी, सुकट बघत वाढलेली.

दुसरा मार्ग म्हणजे शिक्षकांनीच आपल्या वर्गातल्या मुलांच्या वह्या घेऊन येणं. एका मुलाने लिहिलं होतं, 'फीवर केम टू मी'. 'मला ताप आला' हे मराठी जसंच्या तसं! या एका वाक्यावर तासभर चर्चा होते: कर्ता कोण, सुधारायचं कधी, सोडायचं कधी. मॉड्यूलमधली 'सामान्य चुकांची यादी' एवढं बोलकं करत नाही. मेहनत मात्र दुप्पट. मुलांची नावं झाका, प्रती काढा, त्यात पावसात वीज गेली की झेरॉक्स बंद.

मी उच्चारांसाठी मॉड्यूल वापरेन, बाकी वह्याच.