ठरलेली पिसणी कशी लिहून ठेवावी: कंपायलरमधल्या स्थिर शफलची रूपं

शफल म्हणजे पत्ते पिसणं, पण कंपायलरमधली ही पिसणी नशिबावर नसते. कोणतं पान कुठे जाणार ते कोड कंपाइल होतानाच ठरलेलं असतं. चित्रातले आरजीबीए (लाल, हिरवा, निळा, पारदर्शकता) या क्रमातले बाइट बीजीआरए करायचे असतील, तर सोळा बाइटांच्या व्हेक्टरसाठी, म्हणजे एकत्र हाताळल्या जाणाऱ्या रांगेसाठी, मास्क (कुठल्या जागी कुठला घटक घ्यायचा ते सांगणारे आकडे) असा होतो: २, १, ०, ३, ६, ५, ४, ७, १०, ९, ८, ११, १४, १३, १२, १५. एक्स८६ प्रोसेसरांवर एसएसएसई३ या इन्स्ट्रक्शनसंचातली पीशफबी हे एका इन्स्ट्रक्शनमध्ये उरकते, एआरएमवर टीबीएल. दोन्ही टोकं सरळ आहेत. अडचण मधल्या टप्प्यात येते: तुमच्या आयआरमध्ये, म्हणजे कंपायलरच्या अंतर्गत भाषेत, ही गोष्ट लिहायची कशी? नवा आयआर आखायला बसलेला माणूस हा निर्णय पाच मिनिटांत घेतो आणि पुढे कैक वर्षं निस्तरत बसतो. म्हणून जीसीसी आणि एलएलव्हीएम या दोन प्रचलित कंपायलरांनी काय केलं ते शेजारीशेजारी ठेवून पाहू.

सगळ्यात साधं रूप म्हणजे आकड्यांची यादी. दोन व्हेक्टर एकापुढे एक मांडले आहेत असं समजायचं आणि निकालातल्या प्रत्येक लेनसाठी, म्हणजे घटकाच्या जागेसाठी, कुठल्या क्रमांकाचा घटक घ्यायचा ते लिहायचं. एलएलव्हीएमचं शफलव्हेक्टर हेच करतं. शिवाय मास्कची लांबी इनपुटच्या लांबीइतकी असलीच पाहिजे अशी अट तिथे नाही, त्यामुळे व्हेक्टरचा तुकडा काढणं किंवा दोन व्हेक्टर जोडणं हेही त्याच इन्स्ट्रक्शनमध्ये बसतं. (पुढे सिलेक्शनडॅगच्या, म्हणजे यंत्राच्या इन्स्ट्रक्शन निवडण्याच्या, पायरीवर ही मोकळीक संपते, तिथे लांब्या सारख्याच लागतात.) यादीचा मोठा फायदा जोडणीत आहे. एकावर एक दोन शफल आले तर नवा मास्क काढायला एक ओळ पुरते: बाहेरच्या मास्कमध्ये जो आकडा आहे, त्या जागी आतल्या मास्कमध्ये काय लिहिलंय ते घ्या. इतकं सोपं बीजगणित दुसऱ्या कुठल्याच रूपात मिळत नाही.

पण सोपं आहे म्हणून स्वस्त असेल असं नाही. सोळा बाइट आणि दोन इनपुट धरले तर शक्य मास्क ३२ चा १६ वा घात, म्हणजे २ चा ८० वा घात. त्यातले मोजकेच हार्डवेअरला एका फटक्यात जमतात. दोन स्वस्त शफल जोडून एक महागडा शफल तयार होणं अगदी शक्य आहे. म्हणूनच एलएलव्हीएमचा इन्स्टकम्बाइन हा पास (कोड सुधारणारी एक फेरी) मूळ प्रोग्रॅममध्ये नसलेला मास्क जन्माला घालायला सहसा बिचकतो. बीजगणित हाताशी असूनही वापरता येत नाही, अशी गत.

आता यादी ठेवायची कुठे? हा तपशील वाटतो, पण इथेच दोन कंपायलरांच्या वाटा फुटतात. जीसीसीच्या व्हेक पर्म एक्स्प्रेशनमध्ये मास्क हा तिसरा ऑपरंड, म्हणजे क्रियेला दिलेली तिसरी किंमत, आहे. तो स्थिर असू शकतो, व्हेरिएबलही असू शकतो. कॉन्स्टंट प्रॉपगेशननंतर (स्थिर किमती कोडमध्ये पुढे नेल्यावर) चल मास्क स्थिर निघाला तरी नोड बदलावा लागत नाही, आणि हे मला मनापासून आवडतं. एलएलव्हीएममध्ये शफलव्हेक्टरचा मास्क स्थिरच असतो. पीशफबीसारखं काम चल मास्कने करायचं तर टार्गेटचं, म्हणजे ज्या यंत्रासाठी कोड बनतोय त्याचं, इन्ट्रिन्सिक (कंपायलरला माहीत असलेलं खास फंक्शन) वापरायचं, आणि मास्क नंतर स्थिर ठरला की त्याचं शफलव्हेक्टरमध्ये रूपांतर करणारा वेगळा कोड लागतो. त्यातही गंमत अशी की पीशफबीच्या मास्कमधल्या बाइटचा वरचा बिट १ असेल तर ती लेन शून्य होते, म्हणून रूपांतर करताना दुसरा इनपुट म्हणून शून्यांचा व्हेक्टर जोडावा लागतो.

एलएलव्हीएममध्येही हा मास्क पूर्वी ऑपरंडच होता, स्थिर व्हेक्टरच्या रूपात. २०२० मध्ये तो इन्स्ट्रक्शनच्या आतच साध्या पूर्णांकांची यादी म्हणून ठेवायला सुरुवात झाली. छापील आयआर तसाच राहिला, बदललं ते पोटातलं. तुम्ही आज नव्याने सुरुवात करत असाल आणि चल शफलची गरज नसेल, तर थेट इथूनच सुरू करा. मास्क हा डेटा नाही, तो इन्स्ट्रक्शनचाच भाग आहे. त्याला व्हेक्टरचा टाइप चिकटवला की नको ते प्रश्न उभे राहतात. एक उदाहरण पाहा. एआरएमच्या एसव्हीई या व्हेक्टर विस्तारात व्हेक्टर २०४८ बिटांपर्यंत असू शकतो, म्हणजे २५६ बाइट. दोन इनपुटसाठी आकडे ० ते ५११, आणि ते एका बाइटमध्ये मावत नाहीत! त्यामुळे जीसीसीला स्थिर मास्कचे घटक डेटापेक्षा रुंद असायला परवानगी द्यावी लागली. रिस्क-व्ही या प्रोसेसर रचनेच्या व्हेक्टर विस्तारात व्हीआरगॅदरच्या जोडीला १६ बिटांचे आकडे घेणारी वेगळी व्हीआरगॅदर आहे, तीही याच दुखण्यापायी.

यादी निवडली की पुढचा प्रश्न 'काहीही चालेल' कसं लिहायचं हा. माझ्या मते संपूर्ण निर्णयातला सर्वांत महत्त्वाचा भाग हाच, आणि सर्वांत दुर्लक्षितही. एलएलव्हीएममध्ये त्यासाठी -१ आहे. त्याचा अर्थ आधी अनडेफ (कुठलीही एक किंमत) होता, आता पॉइझन (किंमतच अवैध, जी वापरणारा निकालही बिघडतो) आहे. फरक नुसता शब्दांचा नाही. ०, -१, २, ३ असा मास्क असेल तर 'हा शफल म्हणजे मूळ व्हेक्टरच' म्हणून तो काढून टाकायचा मोह होतो. पण मूळ व्हेक्टरच्या त्या लेनमध्ये पॉइझन असेल आणि शफलने अनडेफ द्यायचं कबूल केलं असेल, तर काढून टाकल्यावर निकाल आधीपेक्षा वाईट होतो. म्हणजे ते ऑप्टिमायझेशन चूक. -१ म्हणजे पॉइझन असं ठरवलं की तेच बरोबर ठरतं. जीसीसीच्या व्हेक पर्म एक्स्प्रेशनमध्ये आकडा मर्यादेबाहेर गेला तर तो गुंडाळून आत आणला जातो, प्रत्येक आकड्याला अर्थ असतोच. वेबअसेम्ब्ली या ब्राउझरमध्ये चालणाऱ्या कोडच्या आय८एक्स१६ शफलमध्ये सोळा बाइटांचा इमीजिएट (इन्स्ट्रक्शनमध्येच लिहिलेली किंमत) असतो, प्रत्येकी ० ते ३१, तिथेही 'काहीही चालेल'ला जागा नाही. वरच्या कंपायलरला असलेली मोकळीक तिथे पोचेपर्यंत गळून जाते, आणि खालच्या इंजिनाला त्या सोळा बाइटांवरून मूळ हेतू ओळखत बसावं लागतं.

या मोकळीकीची किंमत पाहायची असेल तर एलएलव्हीएमच्या पॉवरपीसी आणि एआर्च६४ बॅकएंडमधला (त्या प्रोसेसरचा कोड बनवणाऱ्या भागातला) परफेक्ट शफलचा तक्ता पाहा. चार लेन, दोन इनपुट: प्रत्येक लेनला आठ आकडे आणि नववा पर्याय 'काहीही चालेल'. ९ चा चौथा घात ६५६१, तितक्या नोंदी. प्रत्येक नोंदीत खर्च, क्रिया आणि पुढे कुठल्या दोन मास्कवर जायचं तेवढं. चार लेनपुरतं हे झकास आहे. सोळा लेनसाठी असला तक्ता बांधायचा विचारही नको.

दुसरं रूप जीसीसीच्या आरटीएलमधलं, म्हणजे यंत्राच्या जवळच्या अंतर्गत भाषेतलं, आहे: व्हेक कॉनकॅटने दोन व्हेक्टर जोडा, मग व्हेक सिलेक्टने हवे ते घटक निवडा. शिवाय व्हेक मर्ज आणि व्हेक डुप्लिकेट आहेतच. टार्गेटची इन्स्ट्रक्शन पॅटर्न लिहिणाऱ्याला हे सोयीचं, कारण लहान तुकडे जोडून काहीही सांगता येतं. मात्र एकच क्रमबदल तीन प्रकारे लिहिता आला की तिन्ही ओळखणारे पॅटर्न लिहावे लागतात. शिवाय जोडताना मधे दुप्पट रुंदीचा टाइप येतो, ज्याचं खरं रजिस्टर त्या यंत्रात नसतंही. बॅकएंडच्या तळाशी हे खपतं. मधल्या आयआरसाठी मी घेणार नाही.

तिसरं रूप नावांचं: उलटा करा, सरकवा, एकाआड एक गुंफा. व्हेक्टरची लांबी कंपाइल करताना माहीत नसेल तर यादी लिहिताच येत नाही, म्हणून एलएलव्हीएमने स्केलेबल व्हेक्टरसाठी रिव्हर्स, स्प्लाइस, इंटरलीव्ह अशी इन्ट्रिन्सिक आणली. स्केलेबल शफलव्हेक्टरला सगळी शून्यं किंवा सगळं 'काहीही चालेल' एवढाच मास्क चालतो. परिणामी एका कंपायलरात दोन बोली झाल्या: ठरलेल्या लांबीला यादी, न ठरलेल्या लांबीला नावं. प्रत्येक पासला दोन्ही शिकवावी लागतात. गंमत म्हणजे एक्स८६ बॅकएंडमध्येही पीशफडी, अनपॅक अशी नावांची नोड आहेत, पण ती एकत्र करताना कंपायलर आधी त्यांची पुन्हा आकड्यांची यादी करतो. नावांवर हिशेब होत नाही, एवढं त्यातून कळतं.

चौथं रूप मला सर्वांत चलाख वाटतं: जीसीसी ८ मध्ये, २०१८ साली, एसव्हीईच्या निमित्ताने आलेली साच्याची मांडणी. यादीत काही साचे एकाआड एक गुंफलेले आहेत असं मानायचं. प्रत्येक साच्याचे एक, दोन किंवा तीनच घटक लिहायचे. एक असेल तर तोच पुन्हापुन्हा, दोन असतील तर पहिल्यानंतर दुसराच पुन्हापुन्हा, तीन असतील तर दुसऱ्या-तिसऱ्यातलं अंतर धरून पुढे चालायचं. दोन व्हेक्टर गुंफणं म्हणजे दोन साचे: ०, १, २ आणि न, न+१, न+२, इथे 'न' म्हणजे अजून न ठरलेली लांबी. आपलं आरजीबीएचं उदाहरण चार साच्यांचे प्रत्येकी तीन, म्हणजे बारा आकडे. व्हेक्टर सोळा बाइटांचा असो की २५६, तेच बारा. लांबी माहीत असली तर हवी ती वेडीवाकडी यादीही यात बसते: जितक्या लेन तितके साचे, प्रत्येकी एक घटक. वाचायला मात्र हे रूप कठीण आहे. दोन साचेबद्ध मास्क जोडून निकालही साच्यात बसेल याची खात्री देणारा कोड लिहिताना घाम फुटतो, आणि बग बहुधा तिथेच सापडतात.

तेव्हा तुमचं टार्गेट एसएसई, एव्हीएक्स, निऑन हे ठरलेल्या लांबीचे संच किंवा वेबअसेम्ब्ली एवढंच असेल तर पूर्णांकांची यादी इन्स्ट्रक्शनच्या आत ठेवा, -१ म्हणजे पॉइझन असं पहिल्याच दिवशी कागदावर लिहा, आणि साच्यांच्या वाटेला जाऊ नका. एसव्हीई किंवा रिस्क-व्ही व्हेक्टर यादीत कुठेही असतील, अगदी 'पुढच्या वर्षी बघू' म्हणून असतील, तर साचे आतापासून घ्या. पासांना मास्क वाचायचा तो एका छोट्या इंटरफेसमधूनच: अमुक लेनचा आकडा काय, ही यादी उलटी आहे का, गुंफलेली आहे का. मग आत यादी आहे की साचा, हे त्या इंटरफेसशिवाय कुणाला कळायचं कारण नाही, आणि नंतर मत बदललं तरी चाळीस फायली उघडाव्या लागणार नाहीत.