गॅलेक्सी : वैद्यकीय महाविद्यालयात वापरून पाहिलेली एक मोफत वेबसेवा

नाशिकच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात मी बायोइन्फर्मेटिक्सचे, म्हणजे जनुकीय माहितीचे संगणकावर विश्लेषण करण्याचे काम पाहते. अशा संस्थांत या विषयाचा माणूस बहुधा एकटाच असतो, आणि प्रबंधाची मुदत जवळ आली की सूक्ष्मजीवशास्त्रापासून छातीरोगापर्यंतचे निवासी डॉक्टर त्याच्याच टेबलाशी येऊन थांबतात. त्यामुळे असे विश्लेषण ब्राउझरमधून करू देणाऱ्या ‘गॅलेक्सी’ या सेवेला मी एकच कसोटी लावते : मी रजेवर असताना निवासी डॉक्टरला विश्लेषण पुढे नेता येते का, आणि परीक्षकाने विचारले तर केलेले प्रत्येक पाऊल दाखवता येते का. या कसोटीवर ही सेवा चांगलीच उतरते.

२००५ च्या सुमारास अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात सुरू झालेल्या या मुक्त-स्रोत प्रकल्पाचे मोठे सार्वजनिक सर्व्हर आज अमेरिका, जर्मनी आणि ऑस्ट्रेलियात आहेत. मी जर्मनीतील फ्रायबुर्ग येथून चालणारा युरोपीय सर्व्हर वापरते. कमांड लाइनची, म्हणजे आज्ञा टाइप करत बसण्याची गरज नसते. ब्राउझरमध्ये साधन निवडायचे, फाइल द्यायची आणि काम रांगेत लावायचे. गणन तिकडच्या यंत्रांवर होत असल्याने इथली वीज गेली किंवा लॅपटॉप बंद केला, तरी काम थांबत नाही.

क्षयरोगाच्या जंतूसाठी ही सेवा विशेष सोयीची आहे. या जंतूचा जनुकसंच डीएनएच्या सुमारे ४४ लाख अक्षरांचा, म्हणजे मानवी जनुकसंचाच्या मानाने अगदी लहान, त्यामुळे फाइली आटोक्यात राहतात. फास्टक्यूसीने गुणवत्ता तपासायची, क्रॅकेनने नमुन्यात दुसऱ्या जंतूंची भेसळ आहे का ते पाहायचे, स्निपीने एच३७आरव्ही या क्षयजंतूच्या प्रमाण वाणाच्या संदर्भ जनुकसंचाशी तुलना करून बदल शोधायचे आणि टीबी-प्रोफायलरने औषधप्रतिरोध व वंशावळ काढायची, हा सारा क्रम एकदा ‘वर्कफ्लो’ म्हणून जतन केला की पुढच्या नमुन्याला तसाच लावता येतो. टीबी-प्रोफायलरचा अहवाल औषधवार असतो. आरपीओबी जनुकातील बदलामुळे रिफाम्पिसिन या क्षयरोगावरील औषधाला प्रतिरोध, असे त्यात लिहिलेले दिसले की छातीरोग विभागातील डॉक्टरांना दुभाषा म्हणून माझी गरज उरत नाही. वापरलेल्या साधनाची आवृत्ती आणि प्रत्येक पर्याय ‘हिस्टरी’त आपोआप नोंदवला जातो व तिचा दुवा मार्गदर्शकांना पाठवता येतो. प्रबंधातील ‘साहित्य व पद्धती’ हे प्रकरण एरवी आठवणीतून लिहिले जाते. ते इथे नोंदीवरून लिहिता येते, आणि माझ्या मते या सेवेचा सर्वांत मोठा लाभ हाच आहे.

सार्वजनिक संग्रहातील नमुने हवे असतील, तर केवळ त्यांचा क्रमांक दिला की सर्व्हर ते परस्पर उतरवून घेतो. आपल्याकडील इंटरनेटवर अपलोडचा वेग जेमतेम असतो, तेव्हा ही सोय किती मोलाची आहे हे वेगळे सांगायला नको.

आता सावधगिरीचे मुद्दे. काम पूर्ण झाले की हिस्टरीतील चौकट हिरवी होते, आणि नवशिक्याला तो रंग उत्तर बरोबर आल्याचे प्रमाणपत्र वाटतो. प्रत्यक्षात साधन अडखळले नाही एवढाच त्याचा अर्थ असतो. क्षयजंतूच्या पीई व पीपीई गटांतील जनुकांत पुनरावृत्ती इतकी असते की सिक्वेन्सिंगमध्ये (डीएनएचा अक्षरक्रम वाचताना) मिळालेले छोटे तुकडे तिथे चुकीच्या जागी जुळतात आणि नसलेले बदल दिसू लागतात. ते गाळण्याचे साधन गॅलेक्सीत आहे. पण ते वापरलेच पाहिजे, असे सेवा स्वतःहून बजावत नाही. प्रशिक्षणाचे पाठ मोफत व उत्तम आहेत, त्यात क्षयजंतूवरचा स्वतंत्र पाठही आहे, आणि तो पुरा केल्याशिवाय मी कोणाला स्वतःचे नमुने घालू देत नाही.

मानवी जनुकसंचाचे काम मात्र इथे नेताना दोनदा विचार करावा. मोफत खात्याची जागा मर्यादित असते, आणि ३० पट खोलीच्या (प्रत्येक अक्षर सरासरी ३० वेळा वाचलेल्या) एकाच मानवी नमुन्याच्या मूळ व मधल्या फाइली मिळून ती झपाट्याने भरते. शिवाय फाइल नुसती काढून टाकल्याने जागा मोकळी होत नाही, ती कायमची पुसावी लागते. त्याहून महत्त्वाचा प्रश्न रुग्णांच्या माहितीचा आहे. सर्व्हर परदेशात असल्याने एथिक्स कमिटीची मान्यता आणि रुग्णाचे संमतिपत्र या दोन्हींत माहिती बाहेर पाठवण्याचा उल्लेख असायला हवा. थेट थुंकीतून सिक्वेन्सिंग केलेले असेल, तर त्यात रुग्णाचा डीएनएही भरपूर असतो. तो अंश आपल्याच संगणकावर वेगळा केल्यावरच उरलेली फाइल वर चढवावी.

गॅलेक्सी मुक्त-स्रोत असल्याने ती महाविद्यालयाच्या स्वतःच्या यंत्रावर बसवता येते आणि तेव्हा माहिती आवाराबाहेर जात नाही. परंतु असे यंत्र चालते ठेवायला, साधने अद्ययावत करायला आणि भरलेली डिस्क रिकामी करायला कायम माणूस लागतो, आणि यंत्राच्या खरेदीला अनुदान मिळवण्यापेक्षा त्या माणसाचे पद मंजूर करून घेणे कितीतरी अवघड जाते.