सिंकखालचं डिस्पोजल आणि आपलं खरकटं: काही महिन्यांच्या वापरानंतर

अमेरिकेत भाड्याच्या घरात डिस्पोजल, म्हणजे सिंकमधलं खरकटं दळून पाण्याबरोबर पाइपात सोडणारं यंत्र, बहुधा आधीच बसवलेलं असतं आणि माहितीपत्रक कधीच हरवलेलं असतं. आमच्याकडचं यंत्र अर्धा अश्वशक्तीचं, भिंतीवरच्या बटणावर चालणारं, अगदी साधं. ताटं विसळताना निघणारं उष्टं त्यात झकास जातं. भाजी निवडल्याचा आणि चिरल्याचा कचरा मात्र त्यात घालूच नये, असं आता पक्कं मत आहे.

आत पाती नसतात. तळाशी फिरती तबकडी, तिच्यावर दोन बोथट, सैल बसवलेले लोखंडी तुकडे आणि भोवती खवणीसारखं दातेरी कडं. तबकडी मिनिटाला साधारण 1725 फेरे घेते, अन्न कडेला फेकलं जातं, घासून बारीक होतं आणि पाण्याबरोबर खाली उतरतं. म्हणून जे फुटतं, झिजतं ते चालतं. जे दोऱ्यासारखं ओढलं जातं ते अडकतं. अंड्याची टरफलं टाकली की पाती धारदार होतात, हे ऐकीव शहाणपण इथेच निकालात निघतं. खाली दीड इंची पाइप आणि त्याचं पाणी धरून ठेवणारं वाकण असतं. पुष्कळदा तुंबतं ते तिथे. यंत्र बिचारं त्याचं काम करून मोकळं झालेलं असतं.

आपल्या घरात सगळ्यात मोठी अडचण भाताची. ताटातली चार शितं गेली तर काही होत नाही. कुकरच्या तळाचा वाटीभर भात दळला की त्याची खळ होते, ती वाकणात बसते आणि वरून येणारं प्रत्येक खरकटं धरून ठेवते. साबुदाणा त्याहून चिवट. परातीला लागलेली कणिक वाळू द्यावी आणि खरवडून कचऱ्यात टाकावी. ओली धुतली तर पाइपच्या आतून तिचा लेप बसतो. बटाट्याची सालंही याच पंगतीतली. ती पातळ असल्यामुळे धड न दळता फटीतून सरकतात आणि खाली एकमेकांना चिकटतात. थँक्सगिव्हिंग या मेजवानीच्या अमेरिकी सणाच्या दुसऱ्या दिवशी तिथल्या प्लंबरांची धावपळ असते, त्यात या सालांचा हात मोठा.

धाग्यांची यादी आपल्याकडे लांबलचक: शेवग्याच्या शेंगांचा चोथा, कोथिंबिरीचे देठ, कांद्याची कोरडी सालं, मक्याचे केस, केळ्याची साल, नारळाची शेंडी. आंब्याची कोय तर दोन्ही गुन्हे करते: धागे गुंडाळले जातात आणि आतलं टणक कवच तबकडी अडवतं. चिंचेच्या कोळातून निसटलेला एक चिंचोकासुद्धा यंत्र थांबवायला पुरतो.

चहाचा चोथा यंत्राला अजिबात जड नाही, पण पाइपमध्ये तो गाळासारखा बसत जातो. रोज दोन वेळचा चहा असेल तर गाळणं कुंडीत झटकलेलं बरं. माशाचे काटे आणि चिकनची बारीक हाडं चालतात, आवाज सहन करायची तयारी हवी. मटणाची नळी आणि तिसऱ्यांचे शिंपले नकोत.

फोडणीचं उरलेलं तेल, तूप, रश्श्यावरचा तवंग डब्यात जमा करून कचऱ्यात टाकावा. पाणी थंडच सोडायचं, तेही यासाठी. गरम पाण्यात तूप वितळून पुढे जातं आणि हाताला न लागणाऱ्या ठिकाणी थिजतं. थंड पाण्यात त्याचे कण होऊन वाहून जातात. आधी नळ मोठा सोडावा, मग यंत्र सुरू करावं, खरकटं मूठ-मूठ घालावं. घरघर हलकी झाली की दळण संपलं. यंत्र बंद केल्यावरही पाणी अर्धा मिनिट चालू द्यावं. बऱ्याच तक्रारी ही शेवटची पायरी गाळल्यामुळे येतात.

यंत्र फिरत नाही, नुसतं गुणगुणतं, तेव्हा बटण तत्काळ बंद करावं, नाहीतर मोटर तापते. सिंकखालचा विजेचा प्लग काढावा किंवा ब्रेकर पाडावा. यंत्राच्या बुडाला मधोमध षटकोनी भोक असतं. त्यात पाव इंची ॲलन की (षटकोनी किल्ली) घालून दोन्ही दिशांना हिसके द्यावेत. तबकडी मोकळी झाली की टॉर्च लावून चिमट्याने अडकलेली वस्तू काढावी. हात घालू नये. बहुतेकदा चहाचा चमचा निघतो. दहा मिनिटांनी बुडाचं लाल बटण आत दाबावं आणि वीज जोडावी. गुणगुणही नसेल तर आधी हेच लाल बटण बाहेर आलंय का पाहावं.

वास येतो तो बहुधा तोंडावरच्या काळ्या रबरी पडद्याचा. प्लग काढून त्याची पाकळी उलटी केली की खालच्या बाजूला हळदीचा पिवळा, बुळबुळीत थर दिसतो. जुना टूथब्रश आणि भांड्यांचा साबण पुरतो. लिंबाच्या साली टाकून सुवास येतो, थर तसाच राहतो. पाइप साफ करायची जहाल रसायनं यात ओतू नयेत. आतलं धातूकाम खराब होतं, आणि तुंबलेलं असलं तर पाइप उघडताना ते द्रव अंगावर उडतं.

पाऊण अश्वशक्तीचं घ्यावं का, हा प्रश्न नेहमी येतो. मांसाहार जास्त असेल तर घ्यावं, हाडं सहज जातात आणि यंत्र कमी अडतं. भात आणि कणकेच्या बाबतीत तसूभर फरक पडत नाही, पाइप तोच असतो. घराला सेप्टिक टँक असेल तर मोठ्या यंत्राचा मोह टाळावा: दळलेला सगळा गाळ टाकीतच साठतो आणि उपसा लवकर करावा लागतो.