नवी दिल्ली स्टेशन : तुमचं हॉटेल बंद झालेलं नाही

हरिद्वार-डेहराडूनला जाणारी बरीच मराठी मंडळी एक रात्र दिल्लीत काढतात. सकाळची शताब्दी नवी दिल्लीहून लवकर सुटते, म्हणून स्टेशनसमोर पहाडगंजात खोली घेतात. आम्हीही तेच केलं होतं. आई, मावशी, मी आणि चार बॅगा. पुण्याहून निघालेली गाडी उशिरा पोचली, रात्रीचे सव्वादहा वाजून गेले होते.

आधी या स्टेशनची रचना लक्षात घ्या, कारण 'तुमचं हॉटेल बंद आहे' असं सांगून प्रवाशांना लुबाडण्याचा सगळा खेळ तिच्यावरच चालतो. सोळा प्लॅटफॉर्म आणि दोन तोंडं. एक नंबरकडून बाहेर पडलं की पहाडगंज, सोळा नंबरकडून अजमेरी गेट. मेट्रो अजमेरी गेटच्या बाजूला आहे, पिवळी लाइनही आणि विमानतळाची एक्सप्रेसही. त्यामुळे 'मेट्रो'ची पाटी बघत निघालेला माणूस आपसूक अजमेरी गेटला निघतो. पहाडगंजला जायचं तर स्टेशनच्या आतूनच पादचारी पुलावरून एक नंबरला यायचं आणि रस्ता ओलांडायचा. पण एकदा चुकीच्या तोंडाने बाहेर पडलात की रिक्षाने मोठा वळसा पडतो.

आम्ही अजमेरी गेटला बाहेर पडलो आणि परत पुलाकडे वळलो. तिथे इस्त्रीचा निळा शर्ट आणि गळ्यात ओळखपत्राची पट्टी घातलेला एकजण उभा होता. पट्टीला कार्ड होतं, पण ते उलटं लटकत होतं. त्याने तिकीट मागितलं, मी मोबाइलवर दाखवलं. "ये तो उतरने वाला टिकट है, माताजी. पुल पे अब एंट्री नहीं है. पहाडगंज साइड पुलिस ने बंद किया हुआ है, आज लफडा हुआ है." आवाजात आदर, घाई अजिबात नाही. हॉटेलचं नाव विचारून म्हणाला, "वो तो उसी गली में है. फोन करके पूछ लो."

फसवणूक इथे होते, त्यामुळे हा भाग नीट वाचा. माझ्या फोनवर बुकिंगचा कागद उघडा होता. त्याने त्यावरचा नंबर मोठ्याने वाचत स्वतःच्या फोनवर दाबला, मला आकडे दिसतील असा फोन धरून. मग फोन कानाला लावत दोन पावलं बाजूला गेला, "हां जी, हां जी" केलं आणि फोन माझ्या हातात दिला. पलीकडच्याने हॉटेलचं नाव घेऊनच नमस्कार केला. रस्ता बंद आहे, पाहुणे दुसरीकडे हलवलेत, पैसे परत मिळतील, तुम्ही 'टूरिस्ट ऑफिस'मधून सोय करून घ्या, असं सांगितलं. त्या दोन पावलांत कॉल कुणाला लागला होता ते आता सांगायला नको. हॉटेलचं नाव तर साथीदाराला आधीच कळलेलं असणार.

मग ऑटो, आणि कॅनॉट प्लेसच्या मागच्या एका गल्लीतलं ऑफिस. भिंतीवर भारताचा भला मोठा नकाशा, ताजमहालचं पोस्टर, दारावर तिरंगी पट्टी. रात्री साडेदहाला उघडं असलेलं 'सरकारी' ऑफिस! भारत सरकारचं पर्यटन कार्यालय जनपथवर ८८ नंबरला आहे आणि तिथे कुणी तुम्हाला अर्ध्या रात्री चहा पाजून खोली विकत नाही. इथे मात्र चहा आला. दोन-तीन हॉटेलांना फोन झाले, सगळीकडे 'फुल'. शेवटी करोल बागेत दोन खोल्या निघाल्या, ५,८०० रुपये आत्ताच भरा, टॅक्सीचे ७०० वेगळे. मावशीचे पाय सुजले होते, तिला फक्त आडवं व्हायचं होतं. अशा वेळी माणूस घासाघीस करत नाही, आणि हे त्या लोकांना पक्कं ठाऊक असतं. त्यांचं गिऱ्हाईक म्हणजे रात्रीची गाडी, सोबत म्हातारं माणूस आणि पुढची सकाळची गाडी.

आम्ही टॅक्सीत बसतोय तोच माझा फोन वाजला. पहाडगंजचं हॉटेल. "सर, कितने बजे तक आओगे? रूम तैयार है." रस्ता? "रास्ता तो खुला है जी."

ऑफिसात परत गेलो तर टेबलामागचा माणूस बदललेला होता. नवा माणूस म्हणे, बुकिंग झालंय, परतावा नाही. आवाज चढवल्यावर २,००० टेकवले. पावतीवर ट्रॅव्हल कंपनीचं नाव होतं, दारावर मात्र कसलंच नाव नव्हतं.

याच टोळीचे आणखी प्रकार दुसऱ्या दिवशी शताब्दीत सहप्रवाशांकडून ऐकले. 'तुमची गाडी रद्द झाली', 'ई-तिकिटावर शिक्का मारून आणा' हे त्यातले नेहमीचे. ई-तिकिटाला शिक्का वगैरे काही लागत नाही, मेसेज आणि ओळखपत्र पुरतं. गाडीबद्दल शंका आली तर १३९ लावा, पर्यटकांसाठी १३६३ आहे. पण नंबर स्वतःच्या फोनवरून, स्वतःच्या बोटाने. नेटवर्क नसेल तर प्लॅटफॉर्मवरच थांबा, बाहेर येऊ नका. ऑटो हवी असेल तर प्रीपेड बूथवर पावती करा आणि ती पावती ठिकाणावर पोचल्याशिवाय चालकाच्या हातात देऊ नका, त्याचे पैसे त्याच कागदावर मिळतात.

उरलेल्या पैशांसाठी बँकेकडे कार्डाच्या व्यवहाराची तक्रार केली आहे. पावतीचा फोटो जोडला. बँकेने दाराचा फोटोही मागितला, तो कुणी काढला नव्हता.