मुळे फुटवणारी पावडर, मुळे नसलेल्या वनस्पतीवर

जूनच्या अखेरीस साताऱ्यातील एका कृषी सेवा केंद्रातून मी ‘रूटिंग हार्मोन’ म्हणून विकली जाणारी पांढरी पावडर घेतली. ५० ग्रॅमच्या डबीला ८० रुपये पडले. ही पावडर लोक छाट कलमासाठी घेतात. मी अकरावी-बारावीला वनस्पतिशास्त्र शिकवतो, त्यामुळे माझा हेतू थोडा वाकडा होता. जिला मुळेच नसतात अशा वनस्पतीवर हिचा काय परिणाम होतो, ते मला पाहायचे होते. हे परीक्षण त्या दोन्ही वापरांचे आहे.

छापील उपयोगापुरते बोलायचे तर पावडर खोटी नाही. जास्वंदीच्या दहा काड्या पावडर लावून आणि दहा तशाच, एकाच वाफ्यात लावल्या होत्या. चार आठवड्यांनी पावडरीच्या आठ आणि साध्या पाच काड्यांना मुळे धरलेली दिसली. मोगऱ्यात हा फरक सहास दोन असा निघाला. वीस-वीस काड्यांवरून कोणी सिद्धान्त मांडू नये, पण ८० रुपये वाया गेले असेही मी म्हणणार नाही.

काडीच्या खालच्या टोकालाच मुळे का फुटतात, याचे उत्तर मात्र डबीत नाही, ते काडीत आहे. ऑक्झिन हे संप्रेरक प्रामुख्याने शेंड्याकडच्या कोवळ्या भागात तयार होते आणि पेशीपेशींतून खाली वाहत येते. पेशीभित्तिकेचा सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचे माप) ५.५ च्या आसपास असतो. तिथे ऑक्झिनचे काही रेणू भाररहित राहतात आणि पटलातून सहज आत शिरतात. पेशीच्या आत सामू ७ च्या जवळ असल्याने त्यांच्यावर ऋण भार येतो आणि ते आत अडकतात. बाहेर पडायला त्यांना ‘पिन’ प्रथिनांचे दार लागते. ही दारे पेशीच्या ज्या बाजूला बसवलेली असतात, त्या बाजूला प्रवाह जातो. हे कोडे १९७४-७५ मध्ये ब्रिटनमधील रुबेरी, शेल्ड्रेक आणि रेव्हन यांनी कागदावर सोडवले, प्रत्यक्ष दारे नंतर सापडली. काडी कापली की खाली वाहत आलेले ऑक्झिन तळाच्या कापावर साचते. पावडर त्याच साठ्यात भर घालते, एवढेच तिचे काम.

आता माझ्या वाकड्या हेतूकडे वळतो. महाबळेश्वरच्या वाटेवरील एका ओल्या दगडी कठड्यावरून मी मर्केंशियाचे चार-पाच तुकडे आणले होते. पाठ्यपुस्तक जिला वनस्पतिसृष्टीतील उभयचर म्हणते त्या गटातील ही हिरवी, चपटी, जमिनीला चिकटून दुभागत वाढणारी वनस्पती आहे. तिला खोड नाही, पान नाही आणि मुळांच्या जागी फक्त धाग्यांसारखे मूलाभ आहेत. प्रत्येक फाट्याच्या टोकाला एक खाच असते, वाढीचा बिंदू त्या खाचेत असतो आणि ऑक्झिनही मुख्यतः तिथेच बनते.

खाच कापून टाकलेला तुकडा ओल्या टिपकागदावर ठेवला, तर आठवड्याभरात त्याच्या कडेवर भिंगाखाली बारीक हिरवी पालवी दिसू लागते. गंमत अशी की ती तळाच्या कापावर येत नाही, शेंड्याकडच्या कापावर येते आणि तुकडा उलटा ठेवला तरी तिची जागा बदलत नाही. विलोच्या काड्या उलट्या टांगून मुळांची दिशा तपासणाऱ्या फ्योख्टिंग या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये मर्केंशियाच्या कुळात हेच नोंदवले होते. खाच गेली की ऑक्झिनचा पुरवठा तुटतो, उरलेसुरले ऑक्झिन तळाकडे वाहून जाते आणि शेंड्याकडच्या कापाजवळ त्याची पातळी घसरते. ही घसरण म्हणजेच नव्या वाढीची आज्ञा. जास्वंदीत ऑक्झिन साचते तिथे मुळे येतात आणि मर्केंशियात ते ओसरते तिथे नवा शेंडा येतो. एकाच वाहतुकीची ही दोन टोके आहेत.

म्हणून मी सहा तुकड्यांच्या वरच्या कापावर चिमूटभर पावडर पेट्रोलियम जेलीत कालवून लावली आणि सहा तुकड्यांना नुसती जेली लावली. जेलीच्या सहाही तुकड्यांना नवव्या-दहाव्या दिवशी पालवी आली. पावडरीच्या सहांपैकी एकही तीन आठवडे हलला नाही. चार तुकड्यांवर मात्र पांढऱ्या मूलाभांचे दाट झुपके आले, तेही भलत्याच ठिकाणी. वाढ फुटवणारी म्हणून विकली जाणारी पावडर वाढ थोपवून धरते, हे वर्गात दाखवायला याहून स्वस्त साधन मला माहीत नाही.

मर्केंशियाची जनुकसंहिता २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. पेशीच्या बाह्य पटलावर बसणारे लांब पिन प्रथिन तयार करणारे जनुक तिच्यात एकच आहे. सपुष्प वनस्पतींत या घराण्याचा मोठा विस्तार झालेला दिसतो. या प्रथिनांचा सर्वांत बोलका पुरावा फिस्कोमिट्रियम या मॉसमधून आला. मॉसच्या बीजाणुधारीला, म्हणजे बीजाणू तयार करणाऱ्या भागाला, कधी फांदी नसते, एक दांडा आणि त्यावर एक बोंड असते. २०१४ मध्ये ब्रिटनमधील संशोधकांनी पिन जनुक निकामी केले, तेव्हा काही दांडे दुभागले आणि दोन बोंडे धरू लागले. सुमारे ४३ कोटी वर्षांपूर्वीच्या कूकसोनिया या जीवाश्माची ठेवण अशीच आहे, काही सेंटिमीटरचे दुभागलेले दांडे आणि टोकाला बीजाणुकोश. ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ लॅंग यांनी १९३७ मध्ये त्याचे वर्णन केले. एका उत्परिवर्तनाने जमिनीवर जंगल उभे राहिले, असा अर्थ मी काढत नाही. पण फांदी फुटणे हा वाहतुकीचा प्रश्न असू शकतो, हे त्यातून दिसते. त्याच मॉसच्या पानांच्या कोंबांत मात्र फांद्यांची जागा पिनवर ठरत नसून पेशींमधील सूक्ष्म छिद्रांतून होणाऱ्या ऑक्झिनच्या विसरणावर, म्हणजे आपोआप पसरण्यावर, ठरत असावी, असे २०१५ मधील अभ्यास सुचवतो.

पावडरीबद्दलची माझी तक्रार वेगळी आहे. डबीवर आयबीए आणि एनएए या ऑक्झिनसारखे काम करणाऱ्या दोन रसायनांची नावे आहेत, पण प्रमाण कुठेही दिलेले नाही. माळ्याला त्याने फरक पडत नाही, मला पडतो. दुसरे म्हणजे सगळा माल टाल्कमध्ये कालवलेला असल्याने तो पाण्यात विरघळत नाही, तळाशी चिखल होऊन बसतो. मर्केंशियाच्या पेल्यांतील डमरूच्या आकाराच्या, नवी वनस्पती उगवणाऱ्या हिरव्या टिकल्यांवर प्रयोग करायला म्हणून ती निरुपयोगी ठरली. तिथे मला महाविद्यालयातील एनएएच लिटरमागे सुमारे २ मिलिग्रॅम या प्रमाणात वापरावे लागले. त्या पाण्यातील टिकल्या खुजट राहिल्या आणि केसाळ झाल्या. शिवाय पावसाळी हवेत डबीचे झाकण नीट बसत नाही आणि ऑगस्टपर्यंत निम्म्या पावडरीच्या गुठळ्या झाल्या होत्या.

गच्चीवर जास्वंद लावणाऱ्याने ही पावडर खुशाल घ्यावी आणि झाकणाखाली प्लॅस्टिकचा तुकडा घालावा. शिक्षकाने घ्यायची असेल तर कापाच्या प्रयोगापुरतीच घ्यावी, मोजमापासाठी नको. चौथ्या आठवड्यात मी पावडर लावलेले मर्केंशियाचे सहाही तुकडे धुऊन नव्या टिपकागदावर ठेवले. त्यांपैकी दोनांच्या वरच्या कडेला काल खाच असलेली पालवी दिसली.