साडेसात हजारांचा ‘थंडरबोल्ट’ डॉक आणि माझे गेलेले १८,८४७ रुपये ८२ पैसे

आकडा पैशांसकट लिहिलाय, कारण त्या ८२ पैशांनीच माझा घात केला. ते पुढे येईलच.

परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं सेवा केंद्र आहे, लोक अजून ‘सेतू’च म्हणतात. दाखले, पीक विमा, पॅन, परीक्षांचे फॉर्म. नऊ वर्षं झाली. दिवसातून दहा माणसांना मी स्वतः सांगतो की ओटीपी कोणाला देऊ नका, लिंक उघडू नका. म्हणून हे लिहायला मला तीन आठवडे लागले. घरी सांगायलाच चार दिवस लागले.

जुना लॅपटॉप मे महिन्यात गेला. नवा घेतला तर त्याला सगळी मिळून तीन भोकं: दोन टाइप-सी, एक साधा यूएसबी. त्यातल्या एका टाइप-सीला चार्जर. आमच्या टेबलावर काय काय लागतं बघा: अंगठ्याचं मशीन, प्रिंटर, स्कॅनर, माऊस, वेबकॅम, लोकांना त्यांचा फॉर्म दिसावा म्हणून समोर वळवलेला दुसरा मॉनिटर, आणि वाय-फायवर भरवसा नाही म्हणून लॅनची वायर. जून लागला की दहावी-बारावीच्या लेकरांची दाखल्यांसाठी झुंबड. उत्पन्न, जात, नॉन क्रिमीलेयर. मी प्रिंटरची वायर काढून अंगठ्याचं मशीन लावत होतो, ते काढून स्कॅनर. समोर बसलेली म्हातारी माणसं म्हणायची, “किती येळ करायलास रे लेकरा.” त्या घाईत मी डॉक शोधायला लागलो, म्हणजे एका वायरने लॅपटॉपला लागणारी आणि बाकी सगळ्या वायरी स्वतःत घेणारी पेटी. लोभ होता असं कोणी म्हणू नये. मला काम उरकायचं होतं.

जाहिरात मोबाईलवर आली. मोठ्या शहरातली कंपनी बंद पडली, ऑफिसचा माल निघालाय, ‘१४-इन-१ थंडरबोल्ट ४ डॉक, ४० जीबीपीएस, दोन ४के मॉनिटर, १०० वॅट चार्जिंग’. कॅश ऑन डिलिव्हरी ७,९९९, आधी भरले तर ७,४९९. थंडरबोल्ट म्हणजे टाइप-सीच्याच भोकातून चालणारी जास्त वेगाची जोडणी, आणि जीबीपीएस हे त्या वेगाचं माप. खरा थंडरबोल्ट डॉक या भावात नवा मिळत नाही हे मला तेव्हाही अंधुक माहीत होतं. पण ‘ऑफिसचा माल’ म्हटल्यावर भाव पटला. माझी खुर्चीसुद्धा अशाच लिलावातली आहे.

आता ती वेळ सांगतो. ११ जून, सकाळचे पावणेबारा. व्हॉट्सॲपवर क्यूआर आला. मी स्कॅन केला, ७,४९९ टाकले, आणि पिनच्या आधी जी पाटी येते त्यावर नाव आलं. दुकानाचं नाही. एका बाईचं नाव, साधं, आडनावासकट. मी ते नाव वाचलं. पूर्ण वाचलं. अंगठा तिथेच थांबला, हे मला आजही आठवतं. मी मागे येऊन त्याला लिहिलंसुद्धा, “नाव दुसरंच दिसतंय?” अर्ध्या मिनिटात उत्तर आलं, “सर, आमच्या अकाउंट्सच्या मॅडम आहेत, चालू खात्याची आजची लिमिट संपली.” तेवढ्यात समोरचा एक बाप म्हणाला, “सर, आमची एसटी हाय साडेबाराची.” मी पिन टाकला.

ती पाटी तेवढ्यासाठीच असते. सगळ्या व्यवहारात खरं बोलणारी ती एकच गोष्ट होती आणि तिला सोडून मी त्याचं ऐकलं. रात्री झोप लागत नाही तेव्हा मला ते नावच दिसतं. कुणी म्हणेल गडबडीत झालं. झालंच गडबडीत. पण थांबलो होतो ना मी! थांबून, विचारून, मग पुढे गेलो, हे जास्त टोचतं.

बिलसुद्धा पाठवलं होतं त्यांनी, रंगीत, शिक्क्यासकट. जीएसटी नंबर २७ पासून सुरू, म्हणजे महाराष्ट्राचा. नंतर बोट ठेवून मोजला तर १४ अक्षरं. जीएसटी नंबर १५ अक्षरांचाच असतो. जीएसटीच्या पोर्टलवर तो टाकला की दुकानाचं नाव समोर येतं, फुकट, अर्ध्या मिनिटात. दुसऱ्यांचे नंबर मी रोज तपासतो.

१७ तारखेला पार्सल आलं. करड्या रंगाची धातूची पेटी, हातात चांगली जड. वर थंडरबोल्टची विजेची खूण छापलेली. मी खूश झालो. सगळं जोडलं. पहिला तास ठीक गेला, मग अंगठा घेईना. मशीनचा लाल दिवा लागायचा, विझायचा, परत लागायचा. प्रिंटर चालू केला की स्कॅनर गायब. दोन मॉनिटर लावून बघितले तर दोन्हीवर एकच चित्र. बरोबर आलेला ‘१०० वॅट’चा चार्जर लावला तर बॅटरी वाढायच्या ऐवजी कमी होत गेली आणि चार्जर एवढा तापला की हात लावेना. एका आजीचा अंगठा मी सात वेळा लावून घेतला, शेवटी त्या उठून गेल्या.

परभणीला मोबाईल-लॅपटॉप दुरुस्त करणारा एक पोरगा आहे, त्याच्याकडे नेला. त्याने खालची रबरं उचकटून चार स्क्रू काढले. आत काडेपेटीएवढी सर्किटची हिरवी पाटी आणि बाकीच्या जागेत दोन्ही बाजूंना टेप लावून चिकटवलेली लोखंडी पट्टी. वजनासाठी! शेजारच्या किराणा दुकानाच्या काट्यावर ती पट्टी २१० ग्रॅम भरली. म्हणजे हातात जे जड लागलं होतं ते लोखंड होतं.

मग त्याने मोबाईलची बॅटरी लावून एक गोष्ट दाखवली, ती तुम्हीही बघून घ्या. यूएसबी ३ च्या सॉकेटमध्ये नऊ पितळी पट्ट्या असतात. चार यूएसबी २ च्या, पाच जास्तीच्या. माझ्या डॉकच्या निळ्या सॉकेटमध्ये चारच होत्या. बाकीच्या पाचांच्या जागी नुसतं निळं प्लास्टिक. तो म्हणाला, “दादा, निळा रंग कोणी बी लावतंय. आत बघायचं.” म्हणजे ती सगळी भोकं यूएसबी २ ची. ४० जीबीपीएस सांगून ४८० एमबीपीएस, आणि तेही सगळ्यांत वाटून. यूएसबी २ चं एक पोर्ट ५०० मिलीअँपिअर, म्हणजे अडीच वॅटच्या हिशोबाचं. त्यावर अंगठ्याचं मशीन, वेबकॅम, स्कॅनर सगळं टांगलं तर कोणीतरी पडणारच. चार्जरवर बीआयएसचा, म्हणजे सरकारच्या मानक संस्थेचा, ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी नंबर छापलेला होता. बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला तर असा नंबरच नाही. लॅपटॉपच्या चार्जरला ती नोंदणी सक्तीची आहे, तेव्हा कुठलाही चार्जर लावायच्या आधी तो नंबर ॲपमध्ये बघा. स्वस्त चार्जरने लॅपटॉप जाळून बसाल.

आणखी एक सांगतो, त्याचा राग स्वतःवरच आहे. माझ्या लॅपटॉपच्या टाइप-सीजवळ विजेची खूणच नाही. त्यात थंडरबोल्ट नाहीच. डॉक खरा असता तरी ते ४० जीबीपीएस मला कधी मिळाले नसते. टाइप-सी हा भोकाचा आकार आहे, आत काय आहे ते वेगळंच. त्यातून मॉनिटर चालतो का, चार्जिंग होतं का, किती वॅट, हे लॅपटॉपच्या कागदावर लिहिलेलं असतं. आधी तो कागद वाचा, मग डॉक बघा.

इथवर ७,४९९ च गेले होते. इथेच थांबलो असतो तर हे लिहिलंही नसतं.

१९ तारखेला मी त्यांना भांडायला मेसेज केला. शिव्या नाही, उलट माफी मागितली त्यांनी. “चुकीचा पीस गेला सर, रिफंड डिपार्टमेंटला बोला.” नंबर दिला. पलीकडचा माणूस शांत, शुद्ध मराठीत, मला ‘दादा’ म्हणत होता. म्हणाला, बिल जीएसटीत चढलंय, ते उलटवायला १८ टक्के तुम्हाला भरावे लागतील, लगेच ७,४९९ सोबत परत मिळतील. आणि रक्कम सांगितली: १,३४९ रुपये ८२ पैसे. मी कॅल्क्युलेटरवर गुणून बघितलं. ७,४९९ चे १८ टक्के बरोबर १,३४९.८२. पैशाचाही फरक नाही. दिवसभर फॉर्मचे आकडे जुळवणाऱ्या माणसाला आकडा जुळला की खरं वाटतं. लुच्चा माणूस गोल रक्कम मागेल असं माझ्या डोक्यात बसलं होतं. ग्राहकाला स्वतःचे पैसे परत घ्यायला कर भरावा लागत नाही, हे मी दुसऱ्या कोणाला एका वाक्यात सांगितलं असतं.

२० तारखेला भरले. मग तो म्हणाला, तुमचं खातं पडताळायला ९,९९९ ठेव ठेवा, तीन रकमा एकदम येतील. तोवर माझे ८,८४८ रुपये ८२ पैसे अडकले होते आणि ते सोडवायच्या नादात मी तेही भरले. भावाने खतासाठी ठेवायला दिलेल्या पैशातून. त्यानंतर फोन बंद. गेलेल्या पैशाच्या मागे आणखी पैसा लावायचा नाही, कितीही थोडा असो.

दोन दिवस मी गप्प बसलो. कोणत्या तोंडाने सांगणार? २२ तारखेला १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला. तक्रार घेतली, नंबर मिळाला, पण तोवर पैसे दोन खात्यांतून पुढे गेले होते. पहिल्या तासात फोन केला असता तर निदान शेवटचे ९,९९९ गोठवता आले असते. हे माझ्या लाजेचे पैसे गेले. तुम्ही लाजू नका, आधी १९३०, मग रडा.

आणि मग सुरू झाल्या चकरा. ठाण्यातल्या साहेबांनी माझं सगळं ऐकलं आणि चारचौघांत म्हणाले, “तुम्ही सेतूवाले ना? तुम्हालाच कळंना तर लोकांना काय सांगता?” अर्ज घेतला नाही. जिल्ह्याला जा म्हणाले. जिल्ह्याला गेलो, तर स्टेटमेंटवर बँकेचा शिक्का नाही. बँकेत आलो, तर साहेब रजेवर. दुसऱ्या दिवशी शिक्का मिळाला, वर ऐकायला मिळालं, “पिन तुम्हीच टाकलाय, आमचा काय संबंध?” संबंध नाही म्हणता, मग ज्या खात्यात पैसे गेले ते खातं कोणत्या कागदावर उघडलं गेलं? आमच्या शेतकऱ्याचं खातं उघडताना आधारवरची एक वेलांटी चुकली तर परत पाठवता, आणि या चोरांची खाती पटापट उघडतात कशी? शिक्का घेऊन परत जिल्ह्याला, तर म्हणे गुन्हा तुमच्या हद्दीत घडला, तालुक्यालाच नोंदवा. तिसऱ्यांदा ठाण्यात गेलो ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ ची प्रिंट घेऊन. हद्द कोणतीही असो, दखलपात्र गुन्ह्याची माहिती घ्यावीच लागते, १ जुलै २०२४ पासून हाच कायदा आहे. तेव्हा कुठे अर्ज घेतला, तोही ‘चौकशीसाठी’. पोच मागितली तर म्हणाले, “विश्वास नाही का आमच्यावर?” नाही. पोच घेतल्याशिवाय हललो नाही, तुम्हीही हलू नका. या सगळ्यात चार दिवस केंद्राचं शटर खाली, ऐन दाखल्यांच्या दिवसांत. त्याचा हिशोब वरच्या आकड्यात धरलेला नाही.

ग्राहक आयोगात जायचं मनात आहे. पाच लाखांपर्यंतच्या मालाला फी नाही, वकील लागत नाही, दोन वर्षांची मुदत. पण दावा करायला समोरच्याचा पत्ता हवा. खोक्यावर आयात करणाऱ्याचं नाव, पत्ता, कोणत्या देशातला माल, एमआरपी हे छापणं बंधनकारक आहे. माझ्या खोक्यावर यातलं काहीही नव्हतं. खोकं कोरं असेल तर तिथेच व्हिडिओ काढत उघडा आणि लगेच तक्रार करा, वापरत बसू नका.

आता परभणीच्या दुकानातून १,४५० रुपयांचा साधा यूएसबी हब आणलाय, स्वतःचा ॲडॉप्टर असलेला, पक्क्या बिलाचा. अंगठा, प्रिंटर, स्कॅनर, माऊस, वेबकॅम सगळं त्यावर चालतंय, एकदाही मशीन विझलं नाही. मॉनिटर लॅपटॉपच्या टाइप-सीवरून वेगळ्या वायरने. अंगठ्याच्या मशीनला आणि माऊसला ४० जीबीपीएस कधी लागतच नव्हते.

काल सकाळी शाळेतले एक गुरुजी मोबाईल पुढे करत आले. तोच फोटो, तीच करडी पेटी, पेजचं नाव नवं, भाव ६,९९९. “घ्यावा का हो?” असं विचारतील वाटलं. पण ते म्हणाले, “नाव बाईचं आलं होतं, म्हणलं विचारून बघावं.”

मी विचारलं, “पैसे पाठवले का?”

“आत्ताच, घरून निघताना.”

घड्याळात दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. त्यांना खुर्चीवर बसायला सांगायच्या आधी मी त्यांच्याच फोनवरून १९३० लावला.