उघड्या आकड्याला ‘एमएस’ लावून मोकळं व्हावं, की मूळ हेतू शोधावा?

जुना इलॅस्टिकसर्च (डेटा साठवून त्यात शोध घेणारं सॉफ्टवेअर) क्लस्टर, म्हणजे एकत्र चालणाऱ्या सर्व्हरांचा गट, १.७ आवृत्तीवरून २ च्या मालिकेवर नेला की लॉगमध्ये तोच इशारा पुन्हा पुन्हा येतो : वेळेच्या सेटिंगच्या आकड्याला एकक नाही, तूर्त मिलिसेकंद धरले आहेत, पुढच्या आवृत्त्यांत हे चालणार नाही. यावर रस्ते दोन. आकडा उघडा, म्हणजे बिनएककाचा, दिसेल तिथे ‘एमएस’ (मिलिसेकंद) चिकटवायचं, किंवा तो लिहिणाऱ्याला काय हवं होतं ते शोधून तसं एकक द्यायचं. मी दोन्ही करून पाहिले आहेत.

पहिला रस्ता झटपट होतो आणि क्लस्टरची वागणूक तसूभरही बदलत नाही, कारण एकक नसताना जुनी आवृत्तीही मिलिसेकंदच धरत होती. रात्री अपग्रेड अर्ध्यावर असेल तर मी आजही हेच करेन.

माझं मन फिरलं ते रिफ्रेश इंटरव्हलमुळे, म्हणजे नवा डेटा किती वेळाने शोधात दिसू लागेल ते ठरवणाऱ्या सेटिंगमुळे. एका इंडेक्सवर (शोधायच्या डेटाच्या एका संचावर) नुसतं ३० लिहिलेलं होतं. मूळ मूल्य १ सेकंद. लोड कमी व्हावा म्हणून कोणीतरी सेकंद समजून ३० केलेलं. प्रत्यक्षात ते ३० मिलिसेकंद, म्हणजे डेटा येत असताना सेकंदाला तीसेक रिफ्रेश. सेगमेंटची, म्हणजे रिफ्रेशागणिक पडणाऱ्या इंडेक्सच्या तुकड्यांची, यादी काढली तर चार-पाच डॉक्युमेंटांचे सेगमेंट ओळीने पडलेले, आणि ते एकत्र करणारं मर्ज सतत चालू. पण ही यादी मी फार उशिरा काढली. त्याआधी मी तिथे ‘एमएस’ लावून बसलो होतो. इशारा गेला आणि शंका घ्यायचं कारणही गेलं. उघडा ३० बघून माणूस थबकतो. ‘३० एमएस’ बघून वाटतं, कोणीतरी विचार करूनच लिहिलं असणार. पुढे कित्येक दिवस आम्ही डिस्क तपासली, हीप (प्रोग्रामची मेमरी) तपासला, ती एक ओळ सोडून सगळं तपासलं. हे मला अजून डाचतं.

दुसऱ्या रस्त्यालाही किंमत आहे. ३० सेकंद केल्यावर दुसऱ्याच दिवशी मजकूर भरणाऱ्यांचा फोन आला, ‘सेव्ह केलं तरी शोधात येत नाही हो.’ त्यांच्याशी बोलून शेवटी ५ सेकंदांवर ठरलं. ही सेटिंग चालू इंडेक्सवर बदलते, रीस्टार्ट लागत नाही, म्हणून एवढी घासाघीस परवडली.

सगळीकडे खोदत बसायची गरज नाही, असं मला वाटतं. ६०००० दिसलं तर लिहिणाऱ्याला मिलिसेकंद ठाऊक होते. २०९७१५२०० दिसलं तर ते बाइट, बरोबर २०० एमबी. तिथे एकक लावा आणि पुढे चला. उणे १ आणि ० यांना एकक लागतच नाही. शंका घ्यायची ती ५, ३०, ६० अशा छोट्या आकड्यांची. ट्रान्सलॉगच्या (ताज्या बदलांच्या नोंदवहीच्या) फ्लश मर्यादेत, म्हणजे ती किती मोठी झाली की रिकामी करायची त्या आकड्यात, नुसतं २०० असेल तर ते २०० एमबी नव्हे, २०० बाइट ठरतात.

तुमच्याकडे वेळ किती आणि जुनी माणसं कोण उरली आहेत, यावर बरंच अवलंबून आहे. मी मात्र आता छोटे आकडे आधी वेगळे काढतो आणि ज्यांना शोध वापरायचा आहे त्यांना विचारून मगच एकक लिहितो. इंडेक्स टेम्प्लेटही (नव्या इंडेक्सना लागू होणाऱ्या सेटिंगचा साचा) त्याच बैठकीत उघडतो, नाहीतर उद्या तयार होणारा इंडेक्स तोच जुना आकडा उचलतो.